खिडकीची जागा आणि सिस्टर वश्ती

माउंट नेबो चर्चमध्ये देवाचा शब्द पास्टरसाहेब सांगत, पण तो कुठे बसून ऐकायचा हे सिस्टर वश्ती पेटिग्रू सांगत. दोघांत खरं कोणाचं चालतं, हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या हॅटर्स फेरी गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आमच्या चर्चमध्ये बायांना सिस्टरच म्हणतात; वश्ती तिथल्या मुख्य अशर होत्या. आलेल्या माणसाला बाकावर नेऊन बसवायचं, एवढंच ते काम. पण पांढरा झगा, पांढरे बूट, छातीवर बिल्ला आणि हातात पांढरे हातमोजे घालून त्या दारात उभ्या राहिल्या की हे काम एवढंसं वाटत नसे. डावा हात पाठीशी दुमडलेला, उजवा मोकळा. सगळा कारभार त्या उजव्या हाताचा. एक बोट वर झालं म्हणजे एकच जागा शिल्लक आहे. दोन बोटं हलली म्हणजे सरकून घ्या, तुमच्या बापाचं बाक नाही. आणि तळहात समोर आला की जागच्या जागी थांबा. प्रार्थना चालू असताना तो तळहात दारात आडवा असे आणि 'आमेन' होईपर्यंत कुणी आत पाऊल टाकत नसे.

नवे पास्टरसाहेब आले तेव्हाची गोष्ट. पहिल्याच रविवारी वाटेत त्यांची मोटार बंद पडली आणि ते पोचले तेव्हा चर्चचे वडीलधारे कारभारी, डीकन क्रंप, प्रार्थना म्हणत होते. डीकन क्रंपांची प्रार्थना आदम-हव्वेपासून निघायची आणि गावातल्या प्रत्येकाच्या गुडघेदुखीची विचारपूस करत करत आमेनला पोचायची. तेवढा वेळ नवे पास्टर पायरीवर उन्हात उभे.

"अहो सिस्टर, मी तुमचा पास्टर आहे," ते कळवळून कुजबुजले.

"आमेननंतर व्हा पास्टर," सिस्टर वश्ती ओठ न हलवता म्हणाल्या. "आत्ता तुम्ही उशिरा आलेले आहात."

वश्ती हे नाव त्यांच्या आईने बायबलमधून उचललेलं. राजाने दरबारात बोलावलं आणि जी गेली नाही, त्या राणीचं. पोर पाळण्यात असतानाच तिचं लक्षण त्या माउलीला दिसलं असावं. पण राणीचं नाव ठेवलं म्हणून राज्य थोडंच मिळतं! आठवड्यातला एक दिवस सिस्टर वश्ती लोकांना बसवत. उरलेले सहा दिवस लोक त्यांना बसवत. त्या काळ्या, म्हणून बसमध्ये मागच्या रांगेत. डॉक्टरकडे बाजूच्या दाराने आत, कोळशाच्या ढिगाशेजारच्या बाकावर. ज्या गोऱ्या घरांचे कपडे त्या इस्त्रीला आणत तिथे मागच्या पायरीवर, आणि तीही कुत्रा बसला नसेल तर. सिनेमाला त्या आयुष्यात एकदाच गेल्या. तिकीटवाल्याने वरच्या माळ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा त्याला म्हणाल्या, "बोट असं दाखवत नाहीत, पोरा. हात उघडा ठेवून दाखवतात." आणि परत आल्या.

नवरा सायलस रेल्वेत हमाल होता. तो गेला तेव्हा चर्च गच्च भरलं. पास्टरांनी वश्तींसाठी पहिल्या बाकावर, शवपेटीसमोर जागा ठेवली होती. पण त्या काळ्या कपड्यांवर पांढरे हातमोजे चढवून दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळे म्हणाले, "सिस्टर, आज तरी बसा." त्या म्हणाल्या, "माणसं येतायत. त्यांना बसवणार कोण?" पूर्ण वेळ उभ्या राहिल्या, शेवटच्या माणसाला जागा दिली आणि मग भिंतीकडे तोंड करून रडल्या. हातमोजा काढून रडल्या, कारण त्याला डाग पडतो.

आता घरात त्या आणि त्यांची नात नेल्डा. पोरीचे आईबाप डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात होते. घर मिळालं की पोरीला नेऊ, असं दर नाताळला म्हणायचे. नेल्डा सहा वर्षांची. दात पडलेली आणि प्रश्नांनी भरलेली. तिचा मुख्य प्रश्न दर रविवारी तोच असे.

"आजी, मी खिडकीपाशी बसू?"

माउंट नेबोत एकच खिडकी नदीकडे उघडायची. ऑगस्टच्या उकाड्यात देवाची कृपा म्हणून जी काही झुळूक यायची ती तिथूनच. आणि त्या खिडकीपाशी डीकन ऑबेडाया क्रंप बसायचे, चर्चच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हापासून.

"तिथे डीकन बसतात."

"मग ते उठल्यावर?"

"ते उठायचे नाहीत. त्यांना उचलावंच लागेल. आणि उचलायचं काम गावात त्यांच्याचकडे आहे."

हे खरं होतं. डीकन क्रंप गावातल्या काळ्या माणसांचे अंत्यविधी करत. धंदा बारमाही, स्वभाव निराशेचा आणि घर दोन मजली. चर्चमधले हातपंखे त्यांनीच वाटलेले. पुठ्ठ्याच्या एका बाजूला 'क्रंप अंत्यविधी सेवा, आपल्या दुःखात आपल्यासोबत', आणि दुसऱ्या बाजूला देशाच्या राष्ट्राध्यक्षांचा रंगीत फोटो. निवडणूक झाली की डीकन नवे पंखे छापून आणत. "राष्ट्राध्यक्षांनी आपल्यासाठी काय केलं असं म्हणू नका," ते सांगत. "इतकी वर्षं वारा घालतायत बिचारे."

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. काळ्या मुलांची शाळा वेगळी नि गोऱ्यांची वेगळी हे घटनेला धरून नाही, असा निकाल वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने देऊन नऊ वर्षं झाली होती. निकालाच्या पुढच्याच वर्षी न्यायमूर्तींनी पुस्ती जोडली होती, की हे काम विचारपूर्वक पण त्वरेने करावं. आमच्या शाळा मंडळाने ते वाक्य वाचलं आणि लगेच विचाराला बसलं. सरकारी काम, सहा महिने थांब असं म्हणतात. इथे विचारच संपेना. तोवर आमच्या पोरांच्या शाळेचं छप्पर गळत होतं आणि पुस्तकं गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेली येत होती, प्रत्येकावर कुणा तरी बिलीचं नाव आणि मिशा काढलेला जॉर्ज वॉशिंग्टन.

शेवटी पाच घरांनी मिळून मंडळावर दावा लावला. मग एकाची नोकरी गेली, दुसऱ्याला मालकाने घर रिकामं करायला सांगितलं, तिसऱ्याच्या अंगणात कुणी तरी जळते बोळे टाकले, चौथ्याने आपणहून नाव काढलं. उरल्या सिस्टर वश्ती. त्यांना धडा शिकवायला गोऱ्या बायांनी इस्त्रीचे कपडे देणं बंद केलं. बहिष्कार पंधरवडाभर टिकला. त्या पंधरवड्यात बँकेचे मॅनेजर सुरकुतलेल्या शर्टात बँकेत आले, वकीलसाहेबांच्या पँटवर इस्त्रीचा तिकोनी डाग पडला आणि एका भगिनीने आपलाच हात भाजून घेतला. मग तिन्हीसांजेला गाठोडी हळूच मागच्या दाराशी येऊ लागली. "तत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे हं, वश्ती," एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "कॉलरला खळ जरा जास्त लाव."

केंद्राच्या न्यायाधीशांचा हुकूम आला: सप्टेंबरात नेल्डा पेटिग्रूला गोऱ्यांच्या प्राथमिक शाळेत घ्या. मंडळ म्हणालं, घेत नाही. तेव्हा एका संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष टेलिव्हिजनवर बोलणार असल्याची बातमी आली.

काळ्या वस्तीत टेलिव्हिजन एकच, क्रंपांच्या दुकानात. अख्खी वस्ती तिथे लोटली. खुर्च्या पुरेनात, तेव्हा लोक शवपेट्यांवर टेकले. सिस्टर वश्ती तिथेही स्वस्थ बसल्या नाहीत. म्हाताऱ्यांना पुढे घेतलं, पोरांना खाली बसवलं आणि अक्रोडाच्या महागड्या पेटीवर चढलेल्या एका जाडजूड गृहस्थाला दोन बोटांनी उठवून साध्या पाइनच्या पेटीवर बसवलं. राष्ट्राध्यक्ष म्हणाले की कायदा सगळ्यांना सारखा आहे, न्यायालयाचा हुकूम पाळला जाईल आणि त्यासाठी केंद्र सरकार आपली माणसं पाठवील. कुणी 'आमेन' म्हणालं, कुणी डोळे पुसले. एका पेटीचं झाकण कुरकुरलं आणि सगळे दचकले.

"बोलाचीच कढी, बोलाचाच भात," डीकन क्रंप म्हणाले. "वॉशिंग्टन कुठे, हॅटर्स फेरी कुठे! तिथला हुकूम इथवर येईस्तोवर वाटेतच मरतो. मग त्याला पुरायला मला बोलावतात. सिस्टर, माझं ऐका, पोरीला पाठवू नका."

"का हो? धंद्याला बरकत येईल की तुमच्या."

"लहान मापाच्या पेट्या मला विकायला आवडत नाहीत," डीकन म्हणाले. ते थट्टेने बोलले नव्हते.

सिस्टर वश्तींना भीती होतीच. दगडाची होती, शिव्यांची होती. पण जिने त्यांची झोप उडवली ती भीती निराळी होती, आणि ती ऐकून लोक त्यांना वेड्यात काढत. "शाळेत घेतील हो तिला," त्या म्हणत. "राष्ट्राध्यक्षांनी सांगितलंय म्हटल्यावर घेतील. पण बसवतील कुठे?" त्यांना दिसायची ती कोळशाशेजारची जागा, कपाटामागची जागा, दाराबाहेरची जागा. जन्मभर माणसांना बसवलेली बाई. माणसाची किंमत त्याला कुठे बसवलं त्यावरून कळते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

शाळेच्या आदल्या रविवारी केंद्राचे मार्शल, म्हणजे न्यायालयाचा हुकूम बजावणारे अधिकारी, चर्चला भेटायला आले. चौघे आडदांड गोरे, दंडावर पिवळ्या पट्ट्या. त्यांचा म्होरक्या हॅलरन नावाचा, उत्तरेकडचा, कॅथलिक. त्याला आमच्या रीतीभाती काय ठाऊक! डीकनांची प्रार्थना नुकती कुठे नोहाच्या तारवाशी आली होती, आणि हा गडी च्युइंगम चघळत सरळ दारातून आत. समोर पांढरा तळहात आला. गडी थांबला. मागचे तिघे त्याच्या पाठीवर आदळले.

"मॅडम, आम्ही केंद्र सरकारचे..."

सिस्टर वश्तींनी मागे वळून पाहिलं. गोऱ्या माणसाने मॅडम म्हटलं म्हणजे मागे दुसरी कुणी उभी असणार. कुणीच नव्हतं. तेव्हा त्या पुन्हा पुढे वळल्या, तळहात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने कागदाचा तुकडा त्याच्या हनुवटीखाली धरला. हॅलरनने त्या कागदाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि निमूटपणे च्युइंगम त्यावर थुंकलं. मागच्या एकानेही थुंकलं, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. आमेनपर्यंत वॉशिंग्टनची ताकद आमच्या पायरीवर घाम पुसत उभी होती. मग वश्तींनी चौघांना पहिल्या बाकावर नेऊन बसवलं आणि हातात एकेक पंखा दिला. आपल्याच साहेबाच्या फोटोने वारा घेत ते दोन तास बसले.

प्रार्थना संपल्यावर अंगणात तळलेली कोंबडी आणि रताळ्याच्या सारणाची भाजलेली गोड पोळी वाढली. हॅलरनने दोनदा मागून घेतली. तो खात असताना वश्तींनी त्याला गाठलं.

"साहेब, तुमच्या हुकुमात जागेचं काय म्हटलंय?"

"जागेचं?"

"पोरीला वर्गात कुठे बसवायचं."

हॅलरन घास घेता घेता थांबला. "मॅडम, आमचा हुकूम तिला शाळेत नेण्याचा. आत कुठे बसवायचं ते बाई ठरवतील. त्यात राष्ट्राध्यक्षसुद्धा काही करू शकत नाहीत."

"म्हणजे ते फक्त दार उघडणार?"

"हो, मॅडम."

"दार तर कुणीही उघडतं," सिस्टर वश्ती म्हणाल्या आणि त्याच्या ताटात अजून एक तंगडी टाकली. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

सोमवारी सकाळी त्यांनी नेल्डाच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की पोरीच्या भुवया वर गेल्या. पिवळ्या फ्रॉकला कडक इस्त्री. आणि स्वतः त्यांनी कपाटातून अशरचा पांढरा झगा काढला, बिल्ला लावला, हातमोजे चढवले.

"आजी, आज रविवार आहे?"

"नाही."

"मग हे का?"

"मला बसवायचं काम आहे," आजी म्हणाली.

शाळेसमोर गर्दी जमलेली. हातात पाट्या, तोंडात शिव्या. लहान पोरीला काय म्हणू नये ते सगळं म्हणत होते, त्यात चार पोरांच्या आयाही होत्या. ते शब्द इथे सांगायची माझी इच्छा नाही. मार्शलांनी मधे घेतलं आणि सगळे फाटकातून निघाले. पोरीचा हात धरलेला हातमोजा घामाने भिजला होता. वर पाहायचं नाही असं ठरवूनही त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांना दिसल्या कॉलरी. शिव्या देणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या शर्टांना त्यांचीच इस्त्री होती. मुठी आवळून ओरडणाऱ्या वकीलसाहेबांची बाही तर त्यांनी शनिवारीच केली होती, आणि हात वर केल्याने तिची घडी पार मोडत होती. भीती गेली असं नाही, पण तिच्यात थोडा राग मिसळला, आणि रागाने पाय चालतात.

पायऱ्या चढून ते दाराशी पोचले. हॅलरनने दाराला हात घातला. नेमका त्याच वेळी शाळेच्या भोंग्यातून मुख्याध्यापकांचा आवाज आला: "हे स्वर्गातल्या पित्या, आजच्या या दिवशी..."

आता इथे एक गंमत सांगायला हवी. सरकारी शाळांतून अशी प्रार्थना म्हणवून घेऊ नये, असाही निकाल वॉशिंग्टनच्या त्याच न्यायालयाने दिला होता. तो न पाळण्यात आमच्या गावातल्या गोऱ्यांनी तसूभर कसर ठेवली नव्हती. मुद्दाम भोंगा लावून प्रार्थना चालायची, म्हणजे न्यायालयालाही ऐकू जावी.

प्रार्थनेचा पहिला शब्द कानावर पडला आणि सिस्टर वश्तींचा उजवा हात वर गेला. तळहात समोर. त्यांनी ठरवून केलं नाही. जन्माची सवय, हात आपोआप जातो. आणि समोर होता हॅलरन. आदल्याच दिवशी पढवलेला गडी. तो थांबला. मागचे तिघे थांबले. एकाने तर तोंडातलं च्युइंगम काढलं.

"मॅडम," भानावर येऊन हॅलरन दातओठ खात कुजबुजला, "मागे तीनशे माणसं आहेत!"

"प्रार्थना चालू आहे."

"ते दगड मारतील!"

"आमेननंतर मारतील," वश्ती म्हणाल्या आणि मान खाली घातली.

हॅलरनने घाबरून मागे पाहिलं. आणि त्याला जे दिसलं ते त्या कॅथलिकाने पुढे जन्मभर लोकांना सांगितलं असणार. पायरीवर पांढऱ्या झग्यातली बाई, तळहात वर, मान खाली. भोंग्यातून स्वर्गातला पिता. आणि समोरची ती सगळी गर्दी अर्ध्या शिवीत अडकलेली. तेही आमच्यासारखेच बॅप्टिस्ट पंथाचे! तेही लहानपणी आपल्या चर्चच्या दारात असल्याच तळहातापुढे थांबलेले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मग शेजारच्याने. पाट्या खाली आल्या. ज्या बाईने सगळ्यात घाणेरडं तोंड सोडलं होतं, तिने डोळे मिटून हात जोडले. मुख्याध्यापक बिचारे आत खोलीत बसून बोलत होते, त्यांना बाहेरचं काय दिसणार! ते आपले राज्यासाठी, मक्याच्या पिकासाठी, शाळेच्या फुटबॉल संघासाठी सावकाश मागणं मागत राहिले.

"आमेन," भोंगा म्हणाला.

"आमेन," तीनशे जण म्हणाले.

आमेन झालं की अशरने काय करायचं? दार उघडायचं आणि उशिरा आलेल्यांना आत घ्यायचं. वश्तींनी दार उघडलं, पोरीला आणि चार मार्शलांना आत घेतलं आणि मागे दार लावून टाकलं. गर्दीने डोळे उघडले तेव्हा पायरी रिकामी होती. काही क्षण त्यांना शिवी कुठे सोडली होती तेच आठवेना.

पहिलीचा वर्ग मात्र रिकामा निघाला. आयांनी सगळी मुलं घरी ठेवली होती. ओळीने मांडलेली बाकं, नदीकडे एक मोठी खिडकी, आणि टेबलामागे मिस टिडवेल नावाच्या फिकट पडलेल्या तरुण शिक्षिका. त्यांनी नेल्डाकडे न पाहता हात लांबवला. शेवटच्या रांगेत, कपाटामागे, एक बाक वेगळं काढून ठेवलं होतं.

"तिकडे," मिस टिडवेल म्हणाल्या.

हॅलरन दारातच थांबला. त्याचा हुकूम संपला होता.

सिस्टर वश्तींनी त्या बाकाकडे पाहिलं. अगदी ओळखीचं होतं ते. शेजारी कोळसा तेवढा नव्हता. मग त्यांनी डावा हात पाठीशी दुमडला आणि सावकाश पुढे गेल्या.

"बाईसाहेब, तुम्ही चर्चला जाता?"

"अं? हो, जाते तर."

"मग तुम्हाला माहीत असेल. माणसं कमी असली की पुढून भरायचं असतं. मागे बसवलं तर उपदेश करणाऱ्याचा घसा बसतो."

मिस टिडवेलनी रिकाम्या वर्गाकडे पाहिलं, मग त्या एवढ्याशा पोरीकडे. वश्तींनी उजवा हात उघडा करून नेल्डाला पहिल्या रांगेतलं, फळ्यासमोरचं, मधोमध बाक दाखवलं. त्यांच्या मते त्या वर्गातली ती सगळ्यात मानाची जागा होती. रात्ररात्र जागून त्यांनी याच क्षणाची तयारी केली होती.

नेल्डा हलली नाही.

"आजी, मी खिडकीपाशी बसू?"

हातमोजा हवेतच राहिला. सिस्टर वश्तींच्या तोंडी 'नाही' आलंच होतं, जन्मभराचं तयार 'नाही'. मग त्यांच्या लक्षात आलं की तिथे कुणीच बसलेलं नाही. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. आपल्याला आजवर कुणी असं विचारू दिलं नव्हतं. कुठे बसतेस बाई, तुझं तू बघ, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. आणि आपणही ते कुणाला म्हटलं नव्हतं.

त्यांनी हात खाली घेतला.

"बस," त्या म्हणाल्या. "तुला हवं तिथे बस."

नेल्डा पळत गेली आणि खिडकीपाशी बसली. नदीवरून झुळूक आली, वेणीची रिबीन हलली. "आजी, नदीत बोट दिसते!" ती ओरडली. वर्गात ओरडू नये, हे तिला मिस टिडवेलनी सांगितलं. त्या शाळेत तिला शिकवलेली ती पहिली गोष्ट. वश्ती बाहेर व्हरांड्यात आल्या, हातमोजा काढला आणि भिंतीकडे तोंड केलं. हॅलरनने खिशातून रुमाल काढून दिला आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

आठवडाभर वस्तीत दुसरा विषय नव्हता. सिस्टर वश्तींनी काय डोकं लढवलं, प्रार्थनेची वेळ कशी साधली, राष्ट्राध्यक्षांनाही जमलं नसतं ते एका हाताने कसं केलं! त्या मात्र चिडत. "कसलं डोकं? अहो, प्रार्थना चालू होती!" त्यांचं कुणी ऐकत नसे.

रविवार आला. चर्च खच्चून भरलं, पंखे हलू लागले. नेल्डा पिवळ्या फ्रॉकमध्ये आजीजवळ आली, पण आज तिने काही विचारलं नाही. नुसतं खिडकीकडे पाहिलं. शाळेत तिला आठवडाभर खिडकी होती; पोरांना चांगली सवय लवकर लागते.

सिस्टर वश्ती डावा हात पाठीशी घेऊन मधल्या वाटेने चालत गेल्या आणि डीकन क्रंपांच्या बाकापाशी थांबल्या. उजव्या हाताची दोन बोटं हलली.

सगळे पंखे थांबले.

"मी?" डीकन म्हणाले. "सिस्टर, ही माझी जागा आहे."

"सरका."

"कुणाच्या हुकुमाने?"

"राष्ट्राध्यक्षांच्या."

डीकन क्रंपांनी हातातला पंखा उलटा करून त्या फोटोकडे पाहिलं. मग मान हलवून समजुतीच्या सुरात म्हणाले, "सिस्टर वश्ती, मी त्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांचा हुकूम इथवर पोचत नाही."

"माहीत आहे," सिस्टर वश्ती म्हणाल्या. "म्हणून तर मी घेऊन आलेय."

डीकन सरकले.